वैयक्तिक नोंदींसाठी स्प्रेडशीट की डेटाबेस

घरचे, शेतीचे आणि नात्यागोत्याचे हिशेब संगणकावर किंवा मोबाइलवर ठेवताना करावी लागणारी साधनाची निवड. स्प्रेडशीटमध्ये (एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क) ओळी आणि रकाने आखलेले असतात, चौकटीत काय लिहायचे याचे बंधन नसते. डेटाबेसमध्ये (ॲक्सेस, लिब्रेऑफिस बेस, एसक्यूलाइट) कोणत्या रकान्यात काय बसेल हे बहुधा आधी ठरवावे लागते आणि अनेक तक्ते एकमेकांना जोडता येतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, ही निवड करायची वेळ बहुधा दोन वह्यांमुळे येते : बागेची वही आणि आहेराची वही.

डेटाबेसमागचा विचार स्प्रेडशीटहून जुना आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी जोडतक्त्यांची (रिलेशनल) कल्पना १९७० मध्ये मांडली; डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची व्हिजिकॅल्क ही स्प्रेडशीट १९७९ मध्ये आली, तर एक्सेल १९८५ मध्ये, तेही आधी मॅकिंटॉशवर. घरात मात्र स्प्रेडशीट उघडपणे शिरली आणि डेटाबेस नकळत : अँड्रॉइड फोनमधले नातेवाइकांचे नंबर एसक्यूलाइटमध्येच साठवलेले असतात.

केळीच्या बागेचा हिशेब स्प्रेडशीटला साजेसा. रोपे, खत, ठिबक, मजुरी असे खर्च एकाखाली एक मांडले की बेरीज तयार. नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (पिलांपासून आलेल्या खोडव्याची) आणि वापसी (हलक्या प्रतीचा माल) यांचे भाव वेगवेगळे असतात. क्विंटलमागे शंभर रुपये उतरले तर हाती काय राहील, हे एक आकडा बदलून कळते. हे काम डेटाबेसकडून करून घेणे म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम.

आहेराचे तसे नाही. पत्रिका आली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘यांनी आपल्याकडे काय केलं होतं?’ मुलीच्या लग्नाची एक शीट, मुलाच्या साखरपुड्याची दुसरी, वास्तुशांतीची तिसरी. एकच पाहुणा पहिल्या यादीत ‘किनगावचे नाना’ असतो, दुसरीत ‘पाटील सर’ आणि तिसरीत ‘पाटिल सर’. वाचणाऱ्या आईला तिन्ही एकच माणूस. शोधणाऱ्या सूत्राला मात्र वेलांटी चुकली तरी माणूस वेगळा. त्यात खानदेशात पाटील, चौधरी आणि महाजन किती, हे सांगायला नको. डेटाबेसमध्ये पाहुण्याची नोंद एकदाच होते आणि तिला क्रमांक मिळतो. आहेराच्या तक्त्यात नावाऐवजी तो क्रमांक जातो. कुटुंब सुरतेला राहायला गेले तर पत्ता एकाच जागी बदलायचा. जुन्या पेढीत रोजकीर्द तारखेवार लिहीत आणि मग त्यावरून खात्यावार खतावणी उतरवत. डेटाबेस कीर्द एकदा भरून घेतो आणि मागाल तेव्हा खतावणी काढून देतो.

म्हणून निवड नोंदी किती यावर ठरवू नये. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एवढे आहेर कोणत्याच घरात येत नाहीत. एकच गोष्ट पुन्हापुन्हा लिहावी लागते का, हे पाहावे.

स्प्रेडशीटचा दुसरा दोष म्हणजे तिचा आगाऊपणा. गट क्रमांक १२/३ टाइप केला की ती त्याची तारीख करते. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्ये गळतात, बारा अंकी आधार क्रमांक १.२३ई+११ अशा रूपात दिसतो, आणि पंधरा अंकांपुढचे अंक तर शून्यच होतात. आधारचे नुसते दिसणे बदलते, पण गळलेली शून्ये आणि पंधरा अंकांपुढचे मूळ अंक नंतर परत मिळत नाहीत. भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करणे हा उपाय. हा त्रास मोठ्यांनाही चुकलेला नाही : एक्सेल तारखा करून टाकते म्हणून २०२० मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावेच बदलावी लागली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा संपल्याने कोरोनाबाधितांच्या सुमारे १६ हजार नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत.

डेटाबेसही निर्दोष नाही. आहेराचा रकाना रुपयांचा ठेवला की ‘साडी-चोळी आणि पितळी पातेलं’ कुठे लिहायचे? आणि तो उभारून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला की मागे घरात रकाना वाढवणारे कोणी उरत नाही. बहुतेक घरांना मधली वाट पुरते : स्प्रेडशीटच ठेवावी, पण पाहुण्यांची एक शीट आणि आहेराची दुसरी करून दोन्ही क्रमांकाने जोडाव्यात. भाऊबंद एकाच यादीत भर घालणार असतील, तर व्हॉट्सॲपवर ‘आहेर फायनल २’ फिरवण्यापेक्षा सामाईक ऑनलाइन शीट बरी.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ निव्वळ घरगुती वापराच्या नोंदींना लागू होत नाही; गिऱ्हाइकांची उधारी संगणकावर ठेवणारा कृषी केंद्राचा दुकानदार ही सवलत मागू शकत नाही.

एका साधनातून दुसऱ्यात जाताना सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) वापरतात. देवनागरी मजकूर असेल तर ती यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) मध्ये जतन करावी आणि एक्सेलमध्ये थेट न उघडता आयात करावी, नाहीतर नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टंकलेल्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.