पी-१६ पॉझिटिव्ह आणि पी-१६ मिथिलेटेड

तोंडातल्या किंवा घशातल्या गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ दिसतं, घरातला शिकलेला पोरगा मोबाइलवर शोधतो आणि त्याला ‘पी-१६ मिथिलेशन’ सापडतं. दोन्ही एकच समजू नका. अर्थ जवळपास उलटे आहेत.

पी-१६ हे पेशीची वाढ रोखणारं प्रथिन. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे गाठीच्या तुकड्यात ते भरपूर सापडलं. म्हणजे हे प्रथिन दाखवणाऱ्या रंगानं किमान ७० टक्के पेशी ठळक रंगल्या. रोखणारं प्रथिन एवढं, तरी कॅन्सर कसा? एचपीव्ही विषाणूमुळे. पी-१६ ज्या आरबी प्रथिनामार्फत वाढ थांबवतं, तेच हा विषाणू निकामी करतो. उतारावर सायकलच्या ब्रेकची तार तुटली की माणूस मूठ आणखी आवळतो, तशी पेशी पी-१६ बनवतच राहते. म्हणून टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी झालेल्या कॅन्सरमध्ये ही एचपीव्हीची खूण मानतात. असे रुग्ण उपचारांना सहसा चांगली साथ देतात. कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या २०१७ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत त्यांच्या स्टेजही वेगळ्या केल्या.

मिथिलेशनमध्ये प्रथिन बनतच नाही. पी-१६ बनवणाऱ्या, नवव्या गुणसूत्रावरच्या सीडीकेएन२ए जनुकाची डीएनए-अक्षरं शाबूत असतात, म्हणजे हे म्युटेशन (अक्षरांतला बदल) नव्हे. पण जनुकाच्या सुरुवातीला सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटतात आणि जनुक मुकं होतं. ही खूण लाळेतल्या पेशींतही शोधता येते, म्हणून लवकर निदानासाठी संशोधक तिच्या मागे आहेत. नेहमीच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये मात्र ही तपासणी नसते.

आता आपल्याकडचं. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडे पानठेल्यावरचा घोटलेला खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना, तासन्‌तास गालात धरतात. त्यानं होणारा कॅन्सर बहुतेक गालाचा नाहीतर हिरडीचा. तिथं पी-१६ पॉझिटिव्ह आलं तरी एचपीव्ही असेलच असं नाही, आणि टॉन्सिलवाल्या रुग्णांची वेगळी स्टेजही लागू होत नाही. नेटवर ‘पी-१६वाल्यांचं बरं होतं’ वाचून कोणी ऑपरेशन पुढं ढकलू नये, ही माझी कळकळीची विनंती. नागपूरला किंवा सेवाग्रामला रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा: गाठ नेमकी कुठं आहे, गालात की घशात?