अंत्यविधीतील थट्टाविनोद

मृताला निरोप देताना समाजाच्या संमतीने केली जाणारी चेष्टा, सोंगे, नाचगाणी आणि त्यांच्या जोडीने आलेल्या विक्षिप्त वाटणाऱ्या दफनरीती. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा उच्छृंखलपणा वाटतो. प्रत्यक्षात थट्टा कोणी करायची, केव्हा करायची आणि कुठे थांबायचे, याचे नियम सहसा पक्के असतात. माणसांना दुःख होत नाही म्हणून ती हसतात, हा समज तर बहुतेक ठिकाणी खोटा ठरतो.

जुन्या दाखल्यांत सर्वांत गमतीदार दाखला रोमचा आहे. तिथे बड्या घराण्यांच्या अंत्ययात्रेत एक नट मृताचा मुखवटा चढवून त्याच्या बोलण्याचालण्याची नक्कल करीत असे. इ.स. ७९ मध्ये सम्राट व्हेस्पेशियन वारला, तेव्हा हे काम फाव्होर नावाच्या नामांकित नटाकडे आले. व्हेस्पेशियन पैशाच्या बाबतीत चिकट म्हणून प्रसिद्ध होता. सम्राटाच्या सोंगातल्या फाव्होरने कारभाऱ्यांना सर्वांदेखत विचारले, या यात्रेला खर्च किती आला? एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी), असे उत्तर आले. त्यावर तो म्हणाला, त्यातले एक लाख माझ्या हातावर ठेवा आणि मला खुशाल टायबर नदीत फेकून द्या. रोमन चरित्रकार सुएटोनियसने हा किस्सा नोंदवून ठेवला आहे. मेल्यावर सम्राटांना देव ठरवण्याच्या रिवाजावर व्हेस्पेशियनने आजारपणात स्वतःच विनोद केला होता (‘अरेरे, मी बहुतेक देव व्हायला लागलोय!’), तेव्हा ही नक्कल त्यालाही आवडली असती.

थट्टेचा अधिकार ठरावीक माणसांकडे सोपवण्याची पद्धत आफ्रिकेत विशेष स्पष्ट दिसते. टांझानियात ‘उतानी’ या नावाने ओळखले जाणारे थट्टेचे नाते असते. काही कुळे आणि जमाती एकमेकांच्या परंपरागत ‘थट्टेकरी’ असतात. घरात मृत्यू झाला की हे थट्टेकरी येतात, मर्तिकाच्या कामांना हात लावतात आणि त्याच वेळी मृताची नक्कल करून, घरच्यांकडे पैसे मागून सर्वांना भंडावून सोडतात. त्यांच्यावर रागवायचे नसते. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनी रडायचे आणि हसवायचे काम दुसऱ्यांनी करायचे, अशी ही वाटणी आहे. मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांची जी मीमांसा केली, तीत अशी चेष्टा म्हणजे मैत्री आणि वैर यांचे मुद्दाम जमवलेले मिश्रण असल्याचे दाखवले आहे.

रुमानियाच्या उत्तर टोकाला, मारामुरेश प्रांतातल्या सपन्त्सा गावी हा अधिकार एका सुताराकडे आला. स्तान योआन पत्राश (१९०८–७७) लहानपणापासून कबरींवरचे लाकडी क्रूस कोरत असे. १९३५ च्या सुमारास त्याने क्रूसावर मृताबद्दल छोटी कविता कोरायला सुरुवात केली. ओकच्या फळीवर वरच्या भागात त्या माणसाचे उठावाचे चित्र असते: मेंढ्या राखणारा धनगर, मागावर बसलेली बाई, बाटली हातात घेतलेला दारुडा. चित्राखाली स्थानिक बोलीतले पद्य आणि सभोवार गडद निळा रंग. आज तिथे आठशेहून अधिक क्रूस आहेत आणि जगभरचे पर्यटक या ‘आनंदी दफनभूमी’ला भेट देतात.

पद्यात बहुधा मृत व्यक्तीच बोलते. दारूने आपला घात कसा केला हे दारुडा स्वतःच्या तोंडाने सांगतो. सर्वांत गाजलेला क्रूस मात्र एका सासूचा असून तिथे बोलणारी व्यक्ती हयात आहे. सासू आणखी तीन दिवस जगली असती तर इथे मी पडलो असतो आणि वाचत ती उभी असती, असे त्यावर लिहिले आहे. शिवाय तिला जागे करू नका, घरी परतली तर माझी धडगत नाही, अशी वाटसरूंना विनंतीही आहे. छोट्या गावात कोणाचे काय चालते हे सर्वांना ठाऊकच असते. त्यामुळे क्रूसावर खोटी स्तुती कोरण्यात अर्थ नाही, असे तिथल्या कारागिरांचे म्हणणे.

पण ‘आनंदी’ हे विशेषण फार ताणू नये. याच दफनभूमीत मोटारीखाली सापडलेल्या एका लहान मुलीचा क्रूस आहे. सिबियू शहराहून आलेल्या त्या टॅक्सीला ती शिव्याशाप देते: एवढ्या मोठ्या रुमानियात थांबायला तुला आमच्या घरासमोरचीच जागा सापडली का? हे वाचून हसू येत नाही. पत्राशच्या कवितांचा नेम सत्यावर असतो, आणि ते सत्य कधी हसवणारे असते तर कधी नसते. त्याने स्वतःचा क्रूसही आधीच कोरून ठेवला होता. आपण सांगतो त्यात खोटे काही नाही, ही ग्वाही त्याने त्यावर दिली आहे.

या प्रथेचे मूळ पर्यटनपुस्तिका रुमानियाच्या भूमीतील प्राचीन डेशियन लोकांपर्यंत नेतात. त्यांच्या शेजारच्या थ्रेसमधील एक जमात मूल जन्मले की भोवती बसून रडते आणि माणूस मेला की आनंदाने पुरते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे खरे. मात्र मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांचा दुवा कोणी दाखवलेला नाही.

घानाची राजधानी अक्रा हिच्या परिसरातील गा लोकांमध्ये विनोदापेक्षा दिमाख मोठा. कोळ्यासाठी मासा, बागायतदारासाठी कोकोची शेंग, लेकुरवाळ्या आजीसाठी पिलांसह कोंबडी, तालेवार व्यापाऱ्यासाठी मर्सिडीज अशा आकाराच्या शवपेट्या तिथे बनतात. तेशी येथील सुतार सेथ काने क्वेई (मृत्यू १९९२) यांच्या नावाशी ही कला जोडली जाते. नव्याने झालेल्या विमानतळावरची विमाने पाहत बसणाऱ्या आपल्या आजीसाठी त्यांनी १९५१ मध्ये विमानाच्या आकाराची पेटी केली, अशी कथा आहे. संशोधकांच्या मते याआधीच गा सरदारांच्या पालख्या अशा आकारांत बनत होत्या आणि पेट्या तिथून आल्या. हे मत अधिक पटण्यासारखे आहे, कारण सिंहासारखे काही आकार अजूनही मानाच्या व्यक्तींसाठीच राखलेले असतात. हलक्या लाकडाच्या या पेटीवर सुतार कित्येक आठवडे खपतो आणि ती काही तास मिरवून मातीआड होते. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात अशा पेट्या मांडल्या गेल्या आणि काही पेट्या जमिनीखाली जाण्याऐवजी संग्रहालयांत राहू लागल्या.

घानाचेच नाचणारे खांदेकरी २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या फोनवर पोहोचले. पेटी खांद्यावर घेऊन गुडघ्यांवर बसणारे, रांगणारे हे पथक बेंजामिन आयडू यांचे. यजमानांना गंभीर मिरवणूक हवी की नाच, हे ते आधी विचारून घेतात. नाच हा दरपत्रकातला एक पर्याय आहे, हे ती चित्रफीत फिरवणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानीही आले नसावे.

न्यू ऑर्लिन्सच्या बँडवाल्या अंत्ययात्रेत वेळेचा नियम कडक असतो. स्मशानापर्यंत संथ शोकगीते वाजतात आणि ताशाचा आवाज दाबलेला असतो. पार्थिवाचा निरोप झाला की ताशा मोकळा होतो, रंगीत छत्र्या उघडतात आणि मागून चालणारा लोंढा नाचू लागतो. मादागास्करच्या पठारावरील मेरिना व बेत्सिलेओ लोक काही वर्षांच्या अंतराने पूर्वजांचे अवशेष थडग्यातून काढतात, नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात आणि खांद्यावर घेऊन नाचतात. या ‘फामादिहाना’त रडणे अनुचित मानले जाते.

पाश्चात्त्य देशांत बहुतेक ठिकाणी आता असा सामाजिक विधी उरला नाही. तिथे विक्षिप्तपणा मृत्युपत्रातून येतो. १९७७ मध्ये सँड्रा वेस्ट हिला तिच्या इच्छेप्रमाणे टेक्ससमध्ये फेरारी गाडीत बसवून पुरले आणि गाडी कोणी उकरून नेऊ नये म्हणून वर काँक्रीट ओतले. प्रिंगल्स वेफरचा डबा शोधणारे फ्रेडरिक बाउर २००८ मध्ये वारले, तेव्हा त्यांची काही रक्षा त्याच डब्यात पुरली गेली.

सत्तेला हे प्रकार सहसा रुचत नाहीत. आयर्लंडमध्ये प्रेताशेजारी रात्र जागवताना चालणारे खेळ, लुटुपुटीची लग्ने आणि धर्मगुरूंच्या नकला यांवर कॅथलिक धर्मसभांनी सतराव्या शतकापासून वारंवार बंदी घातली. ती वारंवार घालावी लागली, यातच तिचा परिणाम कळतो. मादागास्करमध्ये २०१७ च्या प्लेगच्या साथीत सरकारने फामादिहानाबाबत सावधगिरीचे इशारे दिले. तैवानमध्ये अंत्ययात्रेला गर्दी जमावी म्हणून नर्तकींच्या रोषणाईच्या गाड्या आणतात. चियायी येथील स्थानिक सभागृहाच्या माजी अध्यक्षाच्या अंत्ययात्रेत २०१७ मध्ये जीपगाड्यांच्या टपांवर पन्नास नर्तकी होत्या. चीनच्या ग्रामीण भागातही अंत्यविधीला असे नाच ठेवले जात. तेथील सांस्कृतिक मंत्रालयाने त्यांविरुद्ध २०१५ मध्ये मोहीम काढली. २०१८ मध्ये ती पुन्हा काढावी लागली आणि त्या वेळी खबर देणाऱ्याला बक्षीसही ठेवले होते.