नव्वद टक्के गुंतलेला माणूस

मे संपत आला की गच्चीची आठवण होते. यंदा मी वॉटरप्रूफिंग करणाऱ्या तिघांना एकाच वेळी व्हॉट्सॲपवर भेगांचे फोटो पाठवले. पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "किती स्क्वेअर फूट आहे? उद्या सकाळी नऊला बघायला येतो." दुसऱ्याचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं, तिसऱ्याचं चौथ्या दिवशी. तोवर पहिल्याने गच्ची बघून, दर सांगून ॲडव्हान्सही घेतला होता. बाकीच्या दोघांचा दर कदाचित कमी असता, पण मी तो विचारलाच नाही.

जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हेच मांडलं होतं. भावाची चौकशी फुकट होत नाही, तिला वेळ आणि कष्ट लागतात. पुढच्या चौकशीतून वाचणाऱ्या पैशांपेक्षा तिचा त्रास जास्त वाटू लागला, की गिऱ्हाईक शोध थांबवतं. पहिलं उत्तर बरं असेल, तर शोध तिथेच संपतो.

आता एक आकडा. धंदा वाढवण्याच्या सेमिनारमध्ये सांगतात, "तासाभरात उत्तर द्या, विक्री सातपट होईल." याचं मूळ मार्च २०११ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या एका लेखात आहे. त्यात २,२४१ अमेरिकी कंपन्यांची तपासणी होती. महिन्याभरात उत्तर देणाऱ्यांनाही सरासरी ४२ तास लागले, आणि २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. सातपटीचा आकडा साडेबारा लाख चौकशांच्या वेगळ्या अभ्यासातला, पण तो विक्रीचा नाहीच. निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, तासाभरात संपर्क साधणाऱ्यांना आणखी तासभर उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट होती, एवढंच तो सांगतो. शिवाय झटपट उत्तर देणारी कंपनी इतर बाबतींतही चोख असू शकते, म्हणजे सगळं श्रेय वेगालाच देता येत नाही. लेखकांपैकी एक जण विक्रीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता, हेही लक्षात ठेवावं. दिशा मला पटते. 'सातपट विक्री' मात्र निखालस चूक आहे.

मला जास्त ओढ लागली ती वेगळ्या प्रश्नाची. उत्तर देणं फायद्याचं आहे हे प्रत्येक दुकानदाराला कळतं, मग उशीर का होतो? आळस, असं आपण पटकन म्हणतो. बहुतेक वेळा ते खरं नसतं. उशीर रांगेच्या गणितातून येतो, आणि ते गणित मला विलक्षण सुंदर वाटतं.

आग्नर क्रारूप एरलांग हा डॅनिश गणिती १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा तिथला प्रश्न होता. त्याचा पहिला निबंध १९०९ चा. आज टेलिफोनची वर्दळ मोजायच्या एककालाच 'एरलांग' म्हणतात.

समजा, दुकानात चौकशांना उत्तर देणारा एकच माणूस आहे. एका चौकशीला त्याला सरासरी सहा मिनिटं लागतात, म्हणजे तासाला दहा जमतात. तासाला पाच चौकशा आल्या, तर चौकशी आल्यापासून ती निकाली निघेपर्यंत सरासरी १२ मिनिटं जातात. आठ आल्या तर ३० मिनिटं. नऊ आल्या तर ६०. साडेनऊच्या सरासरीला १२० मिनिटं! आठवरून नऊवर काम वाढलं आठव्या हिश्शाने, वेळ मात्र दुप्पट झाला. सूत्र साधं आहे: ताशी क्षमतेतून ताशी चौकशा वजा करा आणि एकाला त्या वजाबाकीने भागा, उत्तर तासांत येतं. वजाबाकी शून्याकडे सरकली की भागाकार आभाळाला भिडतो. (चौकशा पॉयसाँ वितरणाने येतात, म्हणजे एकमेकींशी संबंध न ठेवता कधीही येतात, आणि कामाचा वेळ घातांकी वितरण पाळतो, म्हणजे बरीच कामं झटपट उरकतात आणि थोडी फार लांबतात, असं यात गृहीत आहे. ही गृहीतकं बदलली तर आकडे बदलतात, पण क्षमतेच्या जवळ गेलं की वेळ झपाट्याने वाढतो हे तसंच राहतं.)

असं का होतं? चौकशा घड्याळ लावून येत नाहीत. अकरा वाजता एकही नसते, सव्वाअकराला चार येतात. अकराची रिकामी गेलेली मिनिटं डब्यात भरून सव्वाअकराला वापरता येत नाहीत. गर्दीचा साचलेला ढीग उपसायला नंतरची मोकळी मिनिटं लागतात, आणि नव्वद टक्के गुंतलेल्या, म्हणजे दहाच्या क्षमतेवर नऊ चौकशा घेणाऱ्या, माणसाकडे ती जेमतेम असतात. म्हणून नोकर क्षणभरही रिकामा दिसता कामा नये, हा मालकाचा हट्ट उत्तरांचा वेग मारतो.

भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सकाळी भाव पाडून माल देणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्यांच्याच फोनवर दुपारच्या चौकशा रात्रीपर्यंत तशाच असतात, आणि धंदा बसला की दारात लिंबू-मिरची लागते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण नुकसानीचं कारण हातातल्या फोनमध्येच असतं.

एरलांगच्या गणितात उपायही आहे. दोन माणसं आपापल्या फोनवर तासाला नऊ-नऊ चौकशा घेत असतील, तर नुसता नंबर लागेपर्यंत (सहा मिनिटांचं काम सोडून) सरासरी ५४ मिनिटं जातात. त्याच अठरा चौकशा एका नंबरवर घेऊन जो मोकळा होईल त्याने पुढची उचलली, तर साधारण २६ मिनिटं. माणसं तीच, काम तेवढंच! आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला मी विचारलं, दहा मिनिटांत उत्तर कसं दिलंत? तो म्हणाला, "मी दिवसभर गच्च्यांवरच असतो. धंद्याचा फोन घरी, बायको आणि वहिनी, जी मोकळी असेल ती बघते."

बँकेत रांग डोळ्यांना दिसते, मॅनेजर दुसरी खिडकी उघडतो. फोनमधली रांग अशी दिसत नाही. थांबलेलं गिऱ्हाईक न सांगता दुसरीकडे जातं, त्याचा मेसेज तेवढा उरतो, आणि मालकाला वाटतं की यंदा लोक नुसतेच भाव विचारतात, घेत कोणी नाही. एका वहीत आठवडाभर प्रत्येक चौकशीच्या दोनच वेळा लिहून बघाव्यात: मेसेज किती वाजता आला आणि पहिलं उत्तर किती वाजता गेलं. शेजारी काम मिळालं की नाही याची खूण करावी.