विक्का व पेगन श्रद्धा

विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला एक नवा धर्म असून देवी आणि शिंगधारी देव या जोडीची उपासना, ऋतुचक्राला दिलेले पावित्र्य आणि जादूला धर्मविधीत मिळालेले स्थान ही त्याची मुख्य लक्षणे होत. पेगन (किंवा नवपेगन) ही त्याहून व्यापक संज्ञा आहे. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारापूर्वी युरोपात पूजल्या जाणाऱ्या देवदेवता, सण आणि विधी यांपासून प्रेरणा घेणाऱ्या अनेक आधुनिक पंथांना मिळून ती लावली जाते. ओक वृक्षाला मान देणारे ड्रुइड, ओडिन व थॉर यांचे उत्तर युरोपीय उपासक, लिथुएनियातील रोमुवा पंथ आणि विक्का हे सर्व तिच्यात मोडतात. आइसलंडमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या, ओडिन-थॉरच्या उपासकांच्या आसात्रू मंडळाला पुढच्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन, तर सुमारे १३,००० लोकांनी विक्का असा नोंदवला.

धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांत पसरलेल्या खानदेशात विक्काला स्थानिक परंपरा नाही. येथील जिज्ञासूला हा धर्म प्रथम भेटतो तो इंग्रजी पुस्तकांतून, परदेशी मालिकांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून, आणि बहुधा ‘हजारो वर्षांचा प्राचीन धर्म’ अशा वर्णनासह. हे वर्णन टिकत नाही, आणि नवख्याने पहिली गोष्ट समजून घ्यायची ती हीच.

विक्काचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) याने उमेदीची वर्षे सिलोन, बोर्निओ व मलाया येथे मळ्यांवर आणि नंतर जकात खात्यात काढली. निवृत्तीनंतर इंग्लंडला परतल्यावर न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळाने १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा दिली, असे तो सांगे. त्या काळी इंग्लंडात १७३५ चा चेटूकविरोधी कायदा अजून अस्तित्वात होता. तो १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरने आपल्या पंथाची माहिती पुस्तकरूपाने जाहीर केली. मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपात चेटकिणी म्हणून जाळल्या वा फाशी दिल्या गेलेल्या स्त्रिया या खरे तर एका जुन्या निसर्गधर्माच्या अनुयायी होत्या, असा सिद्धान्त मार्गारेट मरे या इजिप्तविद्येच्या अभ्यासक बाईंनी १९२१ मध्ये मांडला होता, आणि गार्डनरचा पंथ त्या धर्माचाच शिल्लक राहिलेला धागा असल्याचे मानले गेले. पुढील संशोधनात हा सिद्धान्त कोसळला. त्या खटल्यांत सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असा आजचा अंदाज असून त्यांतील बहुसंख्य साधे ख्रिस्ती गावकरी होते. नव्वद लाख हा अजूनही फिरणारा आकडा निराधार आहे. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काच्या उगमाचा जो तपशीलवार शोध घेतला, त्यातून फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाच्या तीन पायऱ्यांच्या दीक्षा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये चालणाऱ्या गूढविद्या मंडळांचे विधी, रोमँटिक कवींचे निसर्गप्रेम आणि इंग्लंडच्या खेड्यांतील लोकाचार अशा अनेक प्रवाहांतून हा धर्म घडल्याचे स्पष्ट झाले. डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–९९) या कवयित्रीने १९५३ मध्ये दीक्षा घेतल्यावर विधींचे पाठ नव्याने लिहिले, आणि आज विक्कन मंडळांत म्हटले जाणारे पुष्कळसे सुंदर गद्य-पद्य तिच्याच हातचे आहे. एखादा धर्म सत्तर वर्षांचा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र त्याचे वय खोटे सांगितले तर सांगणाऱ्याच्या इतर गोष्टींवरही विश्वास ठेवणे अवघड जाते.

गार्डनरच्या परंपरेतून १९६० च्या दशकात ॲलेक्स सँडर्सची शाखा फुटली. त्याच सुमारास रेमंड बकलंडने विक्का अमेरिकेत नेला आणि तेथे १९७० च्या दशकात स्त्रीवादी चळवळीशी जोडलेले केवळ देवीपूजक गट निघाले. पुढे दीक्षा न घेता एकट्याने उपासना करणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की आज बहुतेक नवखे त्याच मार्गाने येतात.

विक्काला धर्मग्रंथ, प्रेषित किंवा केंद्रीय पीठ नाही. देवीची कुमारी, माता व वृद्धा अशी तीन रूपे चंद्राच्या वाढत्या, पूर्ण व घटत्या कलांशी जोडलेली असून देव हा सूर्य, शिकार व वनस्पतींच्या जन्ममरणाशी निगडित मानला जातो. चांदोमामाच्या गाण्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला चंद्र देवीच्या वाट्याला गेलेला पाहून थोडे चुकचुकल्यासारखे होते, हेही खरे. आचरणाचा एकच सर्वमान्य नियम सांगितला जातो: कोणालाही इजा होणार नसेल तर मनास येईल ते करावे. केलेले बरेवाईट तिपटीने परत येते ही समजूतही पुष्कळांत आहे, पण ती सगळेच मानतात असे नाही. ‘कर्म’ व ‘चक्र’ हे शब्द विक्कन लिखाणात वारंवार येतात ते मुख्यतः थिऑसॉफी, म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीने पसरवलेली गूढवादी विचारसरणी, हिच्या मार्गाने. या सोसायटीचे मुख्यालय १८८२ मध्ये मद्रासजवळ अड्यार येथे आले आणि तिच्या साहित्यामुळे पाश्चात्त्य गूढवाद्यांना ही भारतीय परिभाषा अंगवळणी पडली. त्यामुळे भारतीय वाचकाला विक्कात जे ओळखीचे वाटते, त्यातील काही भाग येथूनच तिकडे गेलेला आहे.

विधी वर्तुळात होतात. जमिनीवर वर्तुळ आखून त्याभोवती सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेप्रमाणेच, फिरतात. चारही दिशांना महाभूतांचे आवाहन होते: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल व उत्तरेला पृथ्वी. विक्काचे चिन्ह असलेल्या पंचकोनी ताऱ्याचे पाचवे टोक आपल्याकडील आकाशाच्या जागी चैतन्याचे असते. भारतीय दिक्पालांच्या मांडणीत अग्नी आग्नेयेला व वायू वायव्येला बसतो, त्यामुळे दोन्ही नकाशे जुळत नाहीत. पश्चिमेचा वरुण मात्र जुळतो, आणि पश्चिमवाहिनी तापीच्या काठी राहणाऱ्याला ती दिशा पाण्याची आहे हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. वेदीवर काळ्या मुठीची सुरी, प्याला, छडी व ताऱ्याची तबकडी ठेवलेली असते. ही सुरी केवळ विधीतील शक्ती वळवण्यासाठी असून तिने सहसा काहीच कापत नाहीत. शेवटी भाकरी-केकसारखा पदार्थ व मद्य किंवा रस यांचा प्रसाद वाटला जातो. गार्डनरच्या परंपरेत विधी विवस्त्र होत असत, पण एकट्याने करणाऱ्या बहुतेकांनी ती प्रथा घेतलेली नाही. महागडे साहित्यसंच ऑनलाइन विकणाऱ्यांचा धंदा जोरात असला तरी घरातील समई, तांब्या व मूठभर माती यांवर हा विधी अडत नाही.

वर्षचक्र हा विक्काचा कणा आहे आणि खानदेशातील जिज्ञासूची खरी अडचणही तेथेच सुरू होते. आठ सणांपैकी चार अयनान्त व विषुवदिनांवर येतात: यूल डिसेंबरच्या, ओस्टारा मार्चच्या, लिथा जूनच्या आणि मेबन सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. उरलेले चार त्यांच्या मधोमध असतात: १ फेब्रुवारीच्या सुमारास इम्बोल्क, १ मे रोजी यौवनाच्या उत्सवाचा बेल्टेन, १ ऑगस्टला पहिल्या पिकाचा लूनसा आणि ३१ ऑक्टोबरला मृतांच्या स्मरणाचा साउइन. यांतील काही सण आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये जुनेच आहेत, परंतु आठांचे एक चक्र १९५० च्या दशकात जुळवले गेले आणि लिथा व मेबन ही नावे त्यानंतर अमेरिकेत दिली गेली. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी असतो, म्हणून हिवाळ्यात सूर्य मरून पुन्हा जन्मतो ही कल्पना तेथे अंगावर येते. २१ अक्षांशावरील जळगावात हाच फरक साडेतेरा आणि पावणेअकरा तासांच्या आसपासचा आहे. येथे सूर्याच्या प्रवासातील लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यातील शून्य सावलीचा दिवस आणि जुलैच्या मध्यात त्याची पुनरावृत्ती, जी ढगांमुळे बहुधा दिसत नाही. विक्काच्या चक्रात या घटनेला जागाच नाही, कारण ब्रिटनमध्ये सूर्य कधी डोक्यावर येत नाही.

शेतीचा मेळही असाच बिघडतो. लूनसाच्या दिवशी पहिल्या कणसाची भाकरी वाटायची, पण १ ऑगस्टला खानदेशात कपाशी, ज्वारी व बाजरीच्या शेतात निंदणी-कोळपणी चालू असते. साउइन म्हणजे शेतीवर्षाचा शेवट, तर येथे त्या सुमारास कापूस वेचणीला वेग येतो आणि हरभऱ्याची पेरणी होते. बेल्टेनला जाळ पेटवून त्यावरून उड्या मारतात. मेच्या प्रारंभी भुसावळचा पारा अनेकदा ४२-४३ अंशांवर असताना आणखी जाळ कोणी मागत नाही, आणि जाळाचा सण होळीच्या रूपाने फाल्गुनातच होऊन गेलेला असतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील विक्कन हे चक्र सहा महिन्यांनी उलटे फिरवून प्रश्न सोडवतात. तीन ऋतूंच्या मोसमी प्रदेशात तो तोडगाही लागू पडत नाही, कारण येथे वर्षाची घडी सूर्यापेक्षा पावसाने बसवलेली आहे.

आखाजीचे उदाहरण पाहावे. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात दिवाळीच्या तोडीने साजरा होतो आणि तिथीनुसार एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे बेल्टेनच्या आसपास येतो. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि त्याच दिवसांत माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणत झोक्यावर बसतात. विक्काने मृतांचे स्मरण व यौवनाचा उत्सव वर्षाच्या दोन विरुद्ध टोकांना ठेवले, तर आखाजीत ते एकाच घरात, एकाच दिवशी नांदतात. म्हणून आखाजी म्हणजे आपले बेल्टेन, असे सोपे समीकरण मांडणाऱ्याच्या हाती अर्धाच सण लागतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाईही अशीच आहे. नारळाला देवीचा साज चढवून केलेली तिची स्थापना, रात्रीचे जागरण, भाऊबंदांत वाटून खायचा रोट आणि सोमवारचे विसर्जन हे सर्व कुळाशी बांधलेले आहे. विक्कन देवीची निवड मात्र उपासक स्वतः करतो आणि कुळाचा तेथे संबंध येत नाही.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा, कोकणा, मावची इत्यादी समाजांच्या श्रद्धांना ‘आपले पेगन’ म्हणण्याचा मोह बाहेरच्या अभ्यासकांनाही होतो. याहामोगी देवीच्या दर्शनासाठी महाशिवरात्रीच्या सुमारास नंदुरबारमधून सीमेपलीकडील देवमोगऱ्याला जाणारी गर्दी, वाघदेवाची पूजा, मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाचा उत्सव किंवा काठी येथील राजवाडी होळी यांत निसर्गाशी असलेले नाते उघड आहे. पण ही परंपरा कधी खंडित झालेली नाही आणि तिची पुनर्रचना कोणी पुस्तकांवरून केलेली नाही. इंग्रज सरकारने जनगणनेत या समाजांवर ‘ॲनिमिस्ट’ असा शिक्का मारला होता. त्यानंतर आणखी एक परकी चिठ्ठी चिकटवण्याआधी त्या समाजातील माणसे स्वतःला काय म्हणतात हे ऐकणे उचित होय.

विक्कन स्त्री-पुरुष स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवतात, हा भाग खानदेशात विशेष जपून समजून घ्यावा लागतो. नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यात डाकीण ठरवली गेलेली स्त्री हा स्वेच्छेने घेतलेला परिचय नसतो. गावात आजार किंवा मृत्यू झाला, कधी जमिनीचा वाद असला, की भगताच्या बोटाने एखाद्या बाईवर तो आरोप येतो आणि मारहाण, बहिष्कार, प्रसंगी खून यांपर्यंत प्रकरण जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भागात दीर्घकाळ काम करीत आले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते वा तिच्यामुळे रोगराई पसरते असा आरोप करून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. पाश्चात्त्य विक्कनांनी छळाची जुनी स्मृती आपल्या ओळखीचा भाग केली, त्याला तीनशे वर्षांचे अंतर मध्ये होते. येथे ते अंतर नाही. म्हणून विक्काची माहिती देताना ‘चेटकीण’ किंवा ‘डाकीण’ हे शब्द गमतीने वापरू नयेत, हा संकेत पाळलेला बरा. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात स्वतःला जाहीरपणे विक्कन म्हणवून घेतले होते, परंतु महानगरातील सुशिक्षित स्त्रीला जे शक्य झाले ते धडगावच्या पाड्यावरील विधवेला शक्य होईल असे मानता येत नाही.

नवख्यासाठी परंपरेने एक वर्ष व एक दिवस असा अभ्यासकाळ सांगितला आहे आणि तो मुकाट्याने वाचन, चंद्रकलांचे निरीक्षण व आपल्या शिवारातील झाडे-पाखरे ओळखण्यात घालवणे उत्तम. विक्का धर्मप्रसार करीत नाही, त्यामुळे कोणी आग्रहाने बोलावत असेल तर सावध व्हावे. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत, आणि सहसा अल्पवयीनांनाही दीक्षा देत नाहीत. मंत्राने रोग बरा करण्याचा दावा करून पैसे मागणारी व्यक्ती स्वतःला विक्कन म्हणवो वा मांत्रिक, वर उल्लेखिलेला कायदा दोघांनाही सारखाच लागू होतो. साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.