बॉस्टनचं सभागृह आणि स्पीकरमागची भिंत

बोस ९०१ हा स्पीकर पहिल्यांदा पाहणारा बुचकळ्यात पडतो. आत ध्वनी देणारे नऊ कर्णे, पण त्यातला श्रोत्याकडे तोंड करून फक्त एक. उरलेले आठ मागच्या भिंतीकडे वळलेले. १९६८ साली आलेल्या या स्पीकरची उलटी मांडणी समजून घ्यायची, तर त्याच्याही सत्तरेक वर्षं मागे जावं लागतं.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह नवंकोरं होतं, पण कुचकामी. बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही आणि पुढचे शब्द त्यातच बुडत. हे निस्तरायला वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सांगण्यात आलं. शहर निजलं की तो आणि त्याचे मदतनीस जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या वाहून आणत. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. पुन्हा थोड्या गाद्या, पुन्हा मोजणी. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर. या हमालीतूनच निनादाचं सूत्र हाती आलं: दालन मोठं तितका निनाद लांब, आवाज शोषणारा पृष्ठभाग जास्त तितका तो आखूड.

१९०० साली उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलला सॅबिनचाच सल्ला होता. अरुंद, उंच, बुटांच्या खोक्यासारखं सभागृह. भिंतींच्या कोनाड्यांत पुतळे, छताला खोलगट चौकटी. व्हायोलिनचा स्वर आधी थेट येतो, मग या साऱ्यांवरून विखरून चहूबाजूंनी.

९०१ बनवणाऱ्या अमर बोस यांना घरात हेच हवं होतं. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या हातून निसटून अमेरिकेत गेलेले. १९५६ मध्ये एमआयटीत शिकत असताना अमर यांनी कागदावरचे आकडे पाहून उत्तम स्पीकर घेतले आणि ऐकून निराश झाले. मैफलीत कानांवर येणारा बहुतांश आवाज परावर्तित असतो, हे त्यांनी अभ्यासलं आणि भिंतीलाच कामाला लावलं. नऊ कर्ण्यांपैकी आठ, म्हणजे ८९ टक्के, भिंतीकडे वळले ते असे.

हार्वर्ड आणि एमआयटी ज्या बॉस्टनशेजारच्या केंब्रिज शहरात आहेत, तिथेच अकूस्टिक रिसर्च या स्पीकर कंपनीच्या एडगर विल्चरनी वेगळी वाट धरली होती. बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून त्यांनी १९५४ मध्ये छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढला. पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाचे वादक मंचावर वाजवत आणि मध्येच त्यांच्याऐवजी गुपचूप स्पीकर सुरू होई. कुठे बदल झाला, हे बहुतेक श्रोत्यांना कळत नसे. विल्चर यांच्या लेखी स्पीकरने वाद्याइतकंच प्रामाणिक राहायचं; निनाद सभागृहाचा.

मला विल्चरची बाजू जास्त पटते. ध्वनिमुद्रणात सभागृहाचा निनाद बहुधा आलेलाच असतो. शिवाय भिंतीपासून फूटभरावर ठेवलेल्या स्पीकरचं परावर्तन दोन-तीन मिलिसेकंदांत येतं, सिंफनी हॉलमध्ये त्याला कितीतरी पट उशीर लागतो. तो उशीर दिवाणखान्याच्या भिंतीला देता येत नाही.

तरी बोस यांनी विचारलेला प्रश्न मात्र अस्सल होता. आज उंची स्पीकर घडवणाऱ्याला समोरचा आवाज मोजून भागत नाही. बाजूला, वर आणि मागे काय फेकलं जातं, तेही मोजावंच लागतं.