बाथर्स्टचा विजेता वेगळा, ऑस्ट्रेलियाचा चॅम्पियन वेगळा

ऑस्ट्रेलियातल्या टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यतींबद्दल वाचायला लागलं की एक घोळ हमखास होतो. कुणी बाथर्स्ट ही एक मोठी शर्यत जिंकलं, म्हणजे तोच त्या वर्षीचा चॅम्पियन, असं आपण धरून चालतो. तसं मुळीच नाही. हा फरक समजून घ्यायचा तर डिक जॉन्सन या चालकाची कारकीर्द बघावी.

चॅम्पियनशिपचं गणित सोपं आहे. 1960 साली ती सुरू झाली तेव्हा एकाच शर्यतीत निकाल लागायचा. 1969 पासून तिची मालिका झाली. वेगवेगळ्या ट्रॅकवर शर्यती, प्रत्येकीचे गुण, बेरीज ज्याची जास्त तो चॅम्पियन. एखाद्या रविवारी इंजिनाने दगा दिला तरी पुढच्या शर्यतीत भरपाई करता येते.

बाथर्स्टमध्ये ती सोय नाही. न्यू साउथ वेल्समधल्या माउंट पॅनोरमावर ऑक्टोबरात ही 1000 किलोमीटरची शर्यत होते, एका गाडीत दोन चालक आळीपाळीने बसतात. एरवी तो साधा रहदारीचा रस्ता. एका फेरीत 174 मीटरचा चढउतार, आणि डोंगरमाथ्यावर भिंती इतक्या जवळ की चुकीला जागाच नाही.

चूक नसली तरी बाथर्स्ट सोडत नाही, हे जॉन्सनला 1980 मध्ये कळलं. क्वीन्सलंडचा हा गडी होतं नव्हतं ते फोर्ड फाल्कनवर लावून आला होता, आणि चक्क आघाडीवर होता. एका चढाच्या वळणावर एका बाजूला बंद गाडी ओढणारा ट्रक, दुसऱ्या बाजूला फुटबॉलएवढा दगड. जायचं कुठून? गाडी दगडावर गेली, मग भिंतीवर, आणि संपली. टीव्हीवर तो रडवेला झाला, पैसे संपल्याचंही त्याने लपवलं नाही. लोकांनी फोन करकरून पैसे देऊ केले, आणि जितके जमले तितकेच फोर्ड ऑस्ट्रेलियाने वर घातले. मला वाटतं, तो गुळगुळीत बोलणारा असता तर इतके फोन आले नसते.

1981 मध्ये लेकसाइड ट्रॅकवरच्या मालिकेतल्या शेवटच्या शर्यतीत पीटर ब्रॉक या प्रतिस्पर्धी चालकाला हरवून तो चॅम्पियन झाला. त्याच वर्षी जॉन फ्रेंचच्या साथीने बाथर्स्टही मारलं. अपघाताने रस्ता अडल्यामुळे निकाल 163 ऐवजी 120 फेऱ्यांवर लागला. दोन्ही एकाच वर्षी आल्यामुळे गोंधळ वाढतो खरा, पण पुढची वर्षं पाहा. 1982, 1984 आणि 1988 च्या चॅम्पियनशिप जॉन्सनच्या. बाथर्स्ट मात्र 1989 पर्यंत पुन्हा त्याच्या हाती लागलं नाही. 1983 मध्ये तर शर्यतीतली जागा ठरवणाऱ्या वेगवान फेरीत गाडी थेट झाडांत घुसली. रातोरात दुसरी गाडी उभी करून तो रविवारी शर्यतीला उतरला! आणि ब्रॉक? 1982, 83, 84 अशी सलग तीन बाथर्स्ट त्याची, पण त्या तीन वर्षांत चॅम्पियनशिप एकदाही नाही.

1989 मध्ये फोर्डच्या सिएरा गाडीने जॉन्सनला पुन्हा दोन्ही मिळवून दिलं. 1994 मध्ये जॉन बो या जोडीदारासोबत त्याने बाथर्स्ट जिंकलं, चॅम्पियन मात्र मार्क स्कैफ झाला.

एकूण हिशेब असा: जॉन्सन पाच वेळा चॅम्पियन, तीन बाथर्स्ट. ब्रॉक तीनदा चॅम्पियन, नऊ बाथर्स्ट. ऑस्ट्रेलियन माणसाला आधी आठवतो ब्रॉक, कारण तिथे वर्षभराच्या बेरजेपेक्षा त्या एका रविवारचं मोल जास्त. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. पण गाडीतल्या कॅमेऱ्यासमोर, स्टिअरिंग फिरवता फिरवता समालोचकांशी गप्पा मारणारा जॉन्सन त्यामुळे कमी लाडका झाला नाही.

1999 पासून बाथर्स्टचे गुणही चॅम्पियनशिपमध्ये धरतात, त्यामुळे रेषा जरा पुसट झाली. जॉन्सनच्याच संघाच्या स्कॉट मॅक्लॉफलिनने 2019 मध्ये दोन्ही जिंकलं, तरी विक्रमांच्या यादीत त्याची नोंद दोन वेगळ्या रकान्यांत होते.