टिचकी इकडे, नकाशा तिकडे: बुलेटिन बोर्डवर माउस कसा पोचला

सिंक्रोनेट हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं बीबीएस सॉफ्टवेअर (बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड, फोन लावून जिथे निरोप टाकता-वाचता येत असा दुसऱ्याचा संगणक) आजही नांदतं आहे, आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एक गंमत आहे. पडदा तोच काळा, अक्षरं तीच रंगीत, कडेने तीच दुहेरी रेघांची चौकट. पण मेनूतल्या एखाद्या ओळीवर माउसने टिचकी मारली तर ती ओळ निवडली जाते. संगणकाला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या मोडेमचा किरकिरा सूर ऐकत ज्यांनी 'एम' दाबून निरोप वाचले आणि 'जी' दाबून निरोप घेतला, त्यांना हे बघून हसू यावं. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं का लागली? माउस मिळत नव्हता म्हणून नाही. अडचण माउसच्या शेपटीत नव्हतीच, ती टेलिफोनच्या तारेच्या दोन टोकांमध्ये होती.

पहिला सार्वजनिक बीबीएस १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत सुरू झाला. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे दोघे संगणकवेडे. त्या जानेवारीत हिमवादळाने शहर ठप्प केलं आणि घरी अडकल्या अडकल्या त्यांनी तो उभा केला. कुणीही घरून फोन लावायचा, आपला निरोप टाकायचा, दुसऱ्यांचे वाचायचे; एका वेळी एकच माणूस. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा पूर्ण भरायचा तर १,९२० अक्षरं लागतात. हिशेब केला तर एक मिनिट आणि वर चार सेकंद. पुढे २४०० चे मोडेम आले तेव्हा हेच काम आठ सेकंदांवर आलं आणि लोकांना ते झपाट्याचं वाटलं.

या व्यवहाराचा स्वभाव नीट लक्षात घ्यायला हवा. बीबीएसचा संगणक एकामागून एक अक्षर सोडतो आणि सोडलं की विसरतो. ते पडद्यावर कुठे जाऊन बसलं, वर सरकून नाहीसं झालं की अजून दिसतंय, याची वही तो ठेवत नाही. वापरणाऱ्याच्या घरचा टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे आलेली अक्षरं पडद्यावर मांडणारा, मात्र कोणत्या रकान्यात कोणतं अक्षर आहे हे अचूक जाणतो. फक्त त्या अक्षराचा अर्थ काय, ते मेनूतली कळ आहे की कुणाच्या निरोपातलं साधं अक्षर, हे त्याला ठाऊक नसतं. जागा एकाला माहीत, अर्थ दुसऱ्याला. टिचकीला मात्र दोन्ही एकत्र लागतात. बीबीएसवर माउस आणण्याचे जेवढे प्रयत्न झाले, ते सगळे या दोघांपैकी कुणाला काय सांगायचं यावरचे वेगवेगळे तोडगे होते.

बोट दाखवून दूरच्या संगणकाशी बोलण्याची कल्पना बीबीएसपेक्षा जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो ४ या शिक्षणयंत्रणेच्या टर्मिनलवर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्पर्श ओळखणारा पडदा होता. अवरक्त किरणांची १६ बाय १६ अशी जाळी, म्हणजे २५६ घरं. बोट ज्या घरावर टेकेल त्याचा पत्ता मुख्य संगणकाकडे जाई. त्याच सुमाराच्या टेक्ट्रॉनिक्सच्या आलेख काढणाऱ्या टर्मिनलवर दोन चाकं फिरवून उभी-आडवी रेघ हलवायची आणि कळ दाबली की त्या छेदबिंदूचे आकडे तारेतून जात. पण ही संस्थांमधली महागडी यंत्रं होती. पडदा कसा मांडलाय हे तिथल्या मुख्य संगणकाला पुरतं ठाऊक असे, कारण टर्मिनल कोणतं आहे हे त्याने स्वतःच ठरवलेलं असे. बीबीएसला मात्र कोण, कुठलं यंत्र घेऊन फोन करील याचा नेम नव्हता.

घरगुती पीसीवर माउस १९८०च्या दशकात आला, आणि आल्या आल्या त्याचं मोडेमशी भांडण झालं. दोघांनाही सिरियल पोर्ट, म्हणजे पीसीच्या मागचं जोडणीचं तोंड, हवं असे. पीसीवर पहिला आणि तिसरा पोर्ट एकच इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी हाक) वाटून घेत, दुसरा आणि चौथा दुसरा एक. माउस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर बसवला की माउस जरा हलवला तरी चालू कॉलचा विचका व्हायचा. मायक्रोसॉफ्टचा सिरियल माउस तीन बाइटांची पुडी १२०० बॉडने पाठवत असे, सेकंदाला चाळीसेक पुड्या. म्हणजे टेबलावरच्या वीतभर अंतरासाठी उंदराला जेवढा रस्ता लागे, तेवढ्याच रुंदीच्या रस्त्यावरून काही जण अख्खा बीबीएस घरी आणत होते. हे आकडे शेजारी ठेवले की माउसची प्रत्येक हालचाल तारेवरून का पाठवता येणार नव्हती, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग पहिला तोडगा निघाला तो अंदाजाचा. काही टर्मिनल प्रोग्रॅमनी असं केलं की पडद्यावरच्या अक्षरावर टिचकी मारली की तेच अक्षर कळफलकावर दाबल्यासारखं पाठवायचं. बीबीएसचे मेनू बहुधा कंसात एक अक्षर आणि पुढे शब्द असे असत, त्यामुळे कंसातल्या अक्षरावर नेम धरला तर काम भागे. नेम चुकून शब्दाच्या मधल्या अक्षरावर टिचकी पडली तर भलतंच दालन उघडे. बीबीएसला यातलं काहीच कळत नसे, त्याच्या लेखी माणसाने कळच दाबलेली असे. हा जुगाडच होता, पण त्यातला 'टिचकी म्हणजे कळच' हा विचार पुढे फार उपयोगी पडला.

मॅकिंटॉशच्या जगात दुसरी वाट धरली गेली. टोरंटोच्या सॉफ्टआर्कने १९९० च्या सुमारास आणलेल्या फर्स्टक्लास या बीबीएस सॉफ्टवेअरचा भर अक्षरी पडद्यावर नव्हताच. त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात खिडक्या आणि चित्रं, तारेतून फक्त माहिती. देखणा आणि माउसला अगदी सोयीचा, पण त्या खिडक्या-चित्रांसाठी त्याचाच प्रोग्रॅम लागे. कुठलंही टर्मिनल घ्या आणि फोन लावा, हा बीबीएसचा मोकळेपणा त्यात उरला नाही.

डॉसवाल्यांसाठी खरी उडी मारली ती रिपस्क्रिपने. टेलिग्राफिक्स कम्युनिकेशन्स या कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेली ही चित्रभाषा, तिची १.५४ ही आवृत्ती १९९३ ची. त्याआधी रंग यायचे ते आन्सी या प्रमाणाच्या एस्केप संकेतांतून (एस्केप या न दिसणाऱ्या चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञांतून), तेही अक्षरांच्या घरांमध्येच. रिपमध्ये रेघ, वर्तुळ, भरलेला आकार, बटण अशा आज्ञा जात आणि चित्र घरच्या पीसीवर, ६४० बाय ३५० बिंदूंच्या सोळा रंगी पडद्यावर काढलं जाई. आज्ञेची सुरुवात उद्गारचिन्ह आणि उभी रेघ यांनी. आकडे छत्तीसच्या पायात, ० ते ९ आणि मग ए ते झेड. दोन चिन्हांत १,२९५ पर्यंत मोजता येतं, म्हणून पडद्याचा उजवा-खालचा कोपरा चार अक्षरांत मावे: 'एच आर' आणि '९ पी'. कागदावर करून बघा, ६३९ आणि ३४९ च येतात. सगळं साध्या छापील अक्षरांत असल्याने आठव्या बिटाची, म्हणजे साध्या अक्षरांपलीकडच्या चिन्हांची, झंझट नव्हती.

आणि त्यात एक आज्ञा माउसच्या क्षेत्राची होती. तिच्यात चौकोनाचे दोन कोपरे, टिचकी मारताना त्या चौकोनाचे रंग उलटवायचे की नाहीत याची खूण, आणि शेवटी पाठवायचा मजकूर. मजकूर सोडून आज्ञा वीसेक अक्षरांची. दहा चौकोन धाडायला २४०० बॉडवर एक सेकंदही लागत नसे. ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. बीबीएस आधीच सांगून ठेवतो, 'या जागेवर टिचकी पडली तर मला हे अक्षर पाठव.' नकाशा टर्मिनलकडे गेला. माउस हलतो, बटण दबलेलं दिसतं, रंग उलटतात, हे सगळं घरच्या घरी, फोनच्या तारेला धक्काही न लावता. शेवटी तारेवर जाते ती एकच कळ. त्यामुळे बीबीएसच्या मूळ प्रोग्रॅमला हातही लावावा लागत नसे. मेनूच्या फाइलच्या जागी रिपची फाइल ठेवली की जुना, फक्त कळा समजणारा बीबीएस माउसवाला झाला. समोरच्याला रिप येतं का, हेही बीबीएस एस्केप, चौकटी कंस आणि उद्गारचिन्ह पाठवून विचारू शकत असे. येत असेल तर टर्मिनल रिपचं नाव आणि आवृत्ती सांगे. नसेल तर बिचारं गप्प, आणि त्याला आन्सीचा मेनू मिळे.

रिप हरलं ते मुख्यतः काळाशी. १९९३ मध्येच मोझाइक ब्राउझर आला होता. ज्यांना चित्रं आणि टिचक्या हव्या होत्या त्यांना दोन-तीन वर्षांत वेब मिळालं, तेही गावातल्या एका सिसॉपच्या (बीबीएस चालवणाऱ्याच्या) फोनपुरतं नव्हे. मुंबईत लाइव्ह वायरसारखा बीबीएस रात्र-रात्र गजबजलेला असे तोच हा काळ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, म्हणजे रिपला आपल्याकडे मिरवायला जेमतेम दोन-अडीच वर्षं मिळाली. ज्यांनी बीबीएस टिकवले त्यांनी फोनची तार सोडून टेलनेट, म्हणजे इंटरनेटवरून अक्षरी पडद्याने जोडण्याची पद्धत, धरली. तिथे रिपवाली टर्मिनलं विरळ होती आणि लोक पुन्हा साध्या अक्षरी पडद्यावर आले.

माउस परत आला तो अगदी वेगळ्या घराण्यातून. युनिक्सच्या एक्सटर्म या टर्मिनल खिडकीने ठरवलं होतं की मागणी आली तर टिचकीची जागा मुख्य प्रोग्रॅमला कळवायची. निरोप असा: एस्केप, चौकटी कंस, एम, मग बटण, रकाना आणि ओळ यांचं प्रत्येकी एक अक्षर. आकड्यात ३२ मिळवून अक्षर करायचं. ऐंशीवा रकाना ११२ वर जातो, म्हणजे सात बिटांच्या आत. आपला जुना ८० रकान्यांचा पडदा त्यात नेमका बसतो. २२३ च्या पुढचे रकाने मात्र एका बाइटमध्ये मावत नाहीत, म्हणून नंतर आकडे सरळ दशमानात लिहिणारी दुसरी पद्धत आली. बीबीएससाठी लिहिलेल्या सिंकटर्म या टर्मिनलने या पद्धती उचलल्या.

इथे एक योगायोग सांगायलाच हवा. बीबीएसवर 'आन्सी संगीत' नावाचा एक प्रकार होता, पीसीच्या स्पीकरमधून पीं-पीं सूर काढणारा. त्याची सुरुवातही एस्केप, चौकटी कंस, एम हीच. खऱ्या आन्सी प्रमाणात त्याच तीन चिन्हांचा अर्थ 'ही ओळ काढून टाक' असा होतो. एका दिशेने गेलं तर गाणं किंवा ओळ काढणं, उलट दिशेने आलं तर टिचकी. तरी गोंधळ होत नाही, कारण दिशा वेगळी.

रिपच्या उलट, एक्सटर्मच्या पद्धतीत नकाशा पुन्हा बीबीएसकडे राहतो. म्हणून आता बीबीएसला ती जुनी विसराळू सवय सोडावी लागली. सिंक्रोनेटमध्ये मेनू लिहिणारा मजकुराआधी एक न दिसणारी खूण टाकतो; ओळ छापताना कर्सर कुठे आहे हे सर्व्हर मोजतच असतो, त्यामुळे खुणेपुढचा शब्द कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यापासून कुठवर पसरला ते तो टिपून ठेवतो आणि शेजारी कळ लिहितो. नाव हॉटस्पॉट, वायफायशी संबंध नाही. टिचकीचे आकडे आले की वहीत बघायचं आणि ती कळ दाबल्यासारखं वागायचं. मजकूर वर सरकला की नोंदीही सरकवायला हव्यात, पडदा पुसला की वहीही पुसायला हवी. ३०० बॉडच्या काळात हे कुणाला परवडलं नसतं; आज सर्व्हरला त्याचं काहीच वाटत नाही.

उरला प्रश्न 'डोअर'चा, म्हणजे बीबीएसवरून चालणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमांचा. १९८९ मधला 'लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन' आजही खेळला जातो, आणि तो स्वतःचा पडदा स्वतः रंगवतो. त्यातला कोणता शब्द कळ आहे हे सर्व्हरच्या वहीत नसतं. टिचक्या कळवणं चालू राहिलं आणि खेळाडूने चुकून बटण दाबलं, तर असल्या जुन्या प्रोग्रॅमला दिसतात सुट्या कळा: एस्केप, कंस, एम, आणि पुढे तीन काहीबाही अक्षरं. एस्केपने बाहेर, एमने भलत्याच मेनूत. म्हणून डोअर सुरू करण्याआधी टर्मिनलला टिचक्या कळवणं बंद करायला सांगायचं आणि खेळाडू परतला की पुन्हा चालू. दारातून आत जाताना माउस चपलांसारखा बाहेर काढून ठेवायचा.